दुबईत हुकलेले २७ सेकंद

इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी १९९६ व २००० अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर शर्यतीचा विजेता ठरला. धावताना त्याचा डावा हात वाकलेला असे. लहानपणी पुस्तके काखेत धरून तो दहा किलोमीटर दूरच्या शाळेत धावत जाई, ती सवय अंगी राहिली.

जानेवारी २००८ मध्ये तो दुबईत मॅरेथॉन धावला. विश्वविक्रम मोडल्यास दहा लाख डॉलर मिळणार होते. पहिले अर्धे अंतर त्याने ६१ मिनिटे २७ सेकंदांत, म्हणजे विक्रमापेक्षाही जलद गतीने कापले. पुढे वेग मंदावला. २ तास ४ मिनिटे ५३ सेकंदांत शर्यत जिंकली. स्वतःचा विक्रम मात्र २७ सेकंदांनी हुकला.

आम्ही शिक्षक मुलांना सांगत असू, आरंभीच दम संपवू नका. सकाळी फिरायला निघताना आपणही हे ध्यानात ठेवू या.