आठवड्याचे सहा तास आणि पंचावन्न वह्या

माध्यमिक शाळेतील मराठीच्या शिक्षकाजवळ दोन प्रकारच्या वह्या असतात. एक त्याची स्वतःची, पाठटाचणाची. आणि बाकीच्या मुलांच्या, स्वाध्यायाच्या. पहिल्या वहीवर मुख्याध्यापकांची सही होते, दुसऱ्या वह्यांवर शिक्षकाची. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असतो काय, असे विचारले तर पुष्कळ शाळांतून प्रामाणिक उत्तर 'फारसा नाही' असेच येईल. टाचण आठवड्याच्या आरंभी लिहिले जाते, वह्या महिन्याच्या अखेरीस गठ्ठ्याने तपासल्या जातात, आणि मधल्या काळात पोर्शन पुढे सरकत असतो. हा तुटलेला संबंध कसा जोडता येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्या महाविद्यालयातून मराठी विषय घेऊन बाहेर पडणारे कितीतरी जण पुढे बी.एड्. करून हायस्कुलात उभे राहतात. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही.

टाचणाचा जो साचा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याचे मूळ योहान फ्रीड्रिख हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावाशी जोडले जाते. वास्तविक हर्बार्टने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. त्सिलर व राइन या त्याच्या अनुयायांच्या हाती त्यांच्या पाच झाल्या, आणि शिक्षणशास्त्राच्या वर्गांतून त्या 'पंचपदी' म्हणून प्रसिद्ध झाल्या : पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. पुढे १९५६ साली ब्लूमचे उद्दिष्टांचे वर्गीकरण आले, आणि टाचणाच्या वहीत ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने पडले.

व्याकरणाला ही पंचपदी छान मानवते. समासाची पाचसहा उदाहरणे फळ्यावर लिहिली, त्यांची तुलना केली, नियम काढला, नवीन शब्दाला लावून पाहिला. चारही बाजूंनी चौकट जमते. पण कवितेचे सामान्यीकरण काय करायचे? मग शिक्षक बिचारा त्या रकान्यात 'कवितेतील मध्यवर्ती कल्पना' असे लिहितो आणि मुलांना ती कल्पना उतरवून घ्यायला सांगतो. कविता संपण्याच्या आत तिचे तात्पर्य वहीत जाऊन बसते. साच्याचा दोष हर्बार्टच्या माथी मारण्यात अर्थ नाही. साहित्याचा तास व्याकरणाच्या मापाने कापला गेला, ही खरी अडचण आहे.

आता थोडा हिशेब करू. साहित्याच्या लेखात आकडेमोड आली म्हणून विद्वान प्राध्यापकांनी नाक मुरडू नये. नियोजन म्हणजे शेवटी हिशेबच.

जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत अठ्ठावीस आठवडे होतात. दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारीच्या आसपास येते, म्हणून अभ्यासक्रम डिसेंबरातच संपवावा लागतो. या अठ्ठाविसांतून दिवाळीची सुट्टी, गणपती, घटक चाचण्या, सहामाही, स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि किरकोळ कारणांनी बुडणारे दिवस वजा केले, तर हातात वीसेक आठवडे उरतात. आठवड्याला मराठीचे सहा तास धरले तर एकशेवीस तास. पुस्तकातील गद्य, पद्य, स्थूलवाचन, व्याकरण आणि उपयोजित लेखन एवढ्यात बसते, नाही असे नाही. म्हणूनच वार्षिक नियोजन कागदावर नेहमी सुरेख दिसते. त्यात शिकवण्याचा वेळ मोजलेला असतो. मुलांनी लिहिलेले वाचण्याचा वेळ त्यात कुठेच नसतो.

तो मोजून पाहावा. शिक्षकाकडे मराठीच्या चार तुकड्या आहेत आणि तुकडीत पंचावन्न मुले आहेत असे समजू. म्हणजे दोनशेवीस वह्या झाल्या. एका मुलाचे पानभर लेखन नीट वाचून त्यावर दोन शब्द लिहायचे तर चार मिनिटे लागतात. तेव्हा एका स्वाध्यायाला ८८० मिनिटे, म्हणजे पावणेपंधरा तासांच्या जवळपास वेळ हवा. आठवड्यात ऑफ तास आठ मिळाले, त्यांतले दोन बदली तासात गेले (एवढे कमीच धरले आहेत), तर उरतात सहा. पस्तीस मिनिटांच्या हिशेबाने २१० मिनिटे. एवढ्यात बावन्न वह्या होतात. सरळ सांगायचे तर शिक्षक एका आठवड्यात एकाच तुकडीच्या वह्या खऱ्या अर्थाने वाचू शकतो. तीन वह्या राहिल्या तर त्या पिशवीतून घरी न्याव्यात.

या हिशेबाकडे डोळेझाक केल्याने काय होते ते आपण सर्वांनी विद्यार्थी म्हणून पाहिलेच आहे. दर आठवड्याला दर तुकडीला स्वाध्याय दिला जातो, दोनशेवीस वह्या जमा होतात, आणि पानाच्या तळाशी लाल शाईची एक तिरकी रेघ व सही उमटते. मुलांना हे फार लवकर कळते. आपण लिहिलेले कोणी वाचत नाही हे एकदा कळले की स्वतः लिहिण्याचे कारणच उरत नाही. गाईडमधील उत्तर उतरवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि त्या शहाणपणाबद्दल मुलांना बोल लावता येत नाही.

आता तर मोठी गंमत झाली आहे. २०१८ साली दहावीचे नवे पुस्तक आले आणि भाषेच्या प्रश्नपत्रिकेच्या जागी 'कृतिपत्रिका' आली. पाठांतर कमी व्हावे, मुलाने स्वतःचे काही लिहावे, म्हणून तीत 'स्वमत' विचारले जाते. हेतू चांगलाच आहे. पण प्रत्येक पाठाखालचे स्वमतही आज गाईडात छापून मिळते! पंचावन्न मुलांचे एकच स्वमत, तेही एकाच शब्दांत. या चमत्कारावर कृतिपत्रिकेचा इलाज चालणार नाही, कारण ती वर्षाच्या टोकाला येते. इलाज करायचा तर तो आठवड्याच्या नियोजनातच करावा लागेल.

माझ्या मते तो असा. आठवड्याचे नियोजन पाठाच्या बाजूने न करता वहीच्या बाजूने करावे. चार तुकड्या असतील तर चार आठवड्यांचे चक्र धरावे, आणि प्रत्येक आठवड्यात एका तुकडीला एकच मोठे लेखन द्यावे. त्या आठवड्यात त्या वर्गाचे उरलेले तास या लेखनाकडे वळवून आखावेत. बाकीच्या तीन तुकड्यांनी त्या आठवड्यात पाच ओळी वर्गातच लिहाव्यात, बाकावरच्या जोडीदाराने त्या वाचाव्यात, दोघातिघांनी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. वह्या गोळा करू नयेत. मुलाला महिन्यातून एकदा मनापासून वाचणारा वाचक मिळतो. दर आठवड्याच्या लाल रेघेपेक्षा हे पुष्कळ बरे.

एक आठवडा प्रत्यक्ष आखून पाहू. दहावीच्या त्या कुमारभारतीत नारायण सुर्वे यांची 'दोन दिवस' ही कविता आहे. सोमवारी शिक्षकाने ती दोनदा मोठ्याने वाचावी आणि दुसरे काही करू नये. कविपरिचय नको, शब्दार्थ नकोत, प्रस्तावना तर नकोच. दुसऱ्या वाचनानंतर मुलांनी एवढेच सांगावे की कानात काय राहिले. पस्तीस मिनिटांत एवढे अल्प काम बघून तपासणीस येणाऱ्या साहेबांना तास रिकामा गेल्यासारखा वाटेल. पण कविता कानावाटे आत गेली नाही तर पुढचे पाच तास कितीही विवेचन केले तरी ते पाण्यावरची रेघ ठरते.

मंगळवारी कवी. सुर्व्यांचे चरित्र या वयाच्या मुलांना सांगण्यासारखे आहे, आणि ते सनावळीने सांगू नये. गिरणी कामगाराने सांभाळलेला मुलगा, स्वतः गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई म्हणून लागलेला, आणि नंतर सातवीची परीक्षा देऊन त्याच व्यवसायात शिक्षक झालेला माणूस. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे शेवटी सांगितले तरी चालते. शिपायाच्या स्टुलावरून फळ्यापर्यंतचे अंतर किती, हे मुलांना वर्गात बसल्या जागी दिसते.

बुधवारी मुले वाचतील आणि चर्चा होईल. ही कामगाराची कविता आहे, आणि तीत हातांविषयी जे म्हटले आहे तिथे वर्गाने थांबावे. प्रतिमा, प्रतीक असले शब्द शिक्षकाने आधी उच्चारू नयेत. हातच का, डोळे का नाहीत, एवढे विचारले तरी मुले पुष्कळ लांब जातात.

गुरुवारी स्वाध्याय. 'कवितेतील कामगाराच्या जीवनाविषयी तुमचे मत लिहा' असा प्रश्न दिला तर उत्तर गाईडात तयार आहे. त्याऐवजी असे सांगावे : तुमच्या ओळखीच्या एका माणसाचे हात पाहा, आणि त्या हातांविषयी पानभर लिहा. घरातीलच माणूस हवा असे बंधन नको. वसतिगृहातील मुले असतात, घराविषयी लिहिणे जड जाणारी मुलेही असतात. डबेवाली मावशी, सायकलचे पंक्चर काढणारा, शाळेतील शिपाईमामा, कोणीही चालेल. मुख्य म्हणजे पहिल्या पाच ओळी त्याच तासाला, वर्गात, शिक्षकादेखत लिहून घ्याव्यात. आरंभ स्वतःचा झाला की पुढचे सहसा कोणाकडून उतरवता येत नाही, कारण सांधा जुळत नाही. ही किल्ली लहानशी आहे, पण हिच्यावाचून बाकीची सारी योजना फसते. शुक्रवारी व्याकरण, आणि त्यासाठी वाक्ये मुलांच्या याच लेखनातून घ्यावीत. शनिवारची शाळा सकाळची, तास आखूड; तो स्थूलवाचनाला किंवा ग्रंथालयाच्या पेटीला द्यावा आणि त्यावर काहीही लिहायला सांगू नये.

वही तपासण्याच्या चार मिनिटांविषयी थोडे सांगितले पाहिजे. शुद्धलेखनाची प्रत्येक चूक लाल करण्याचा आपला मोठा सोस असतो. पान रक्तबंबाळ होते आणि मूल त्यातली एकही चूक पाहत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा आहेत. १९६२ साली चौदा मान्य झाले, १९७२ साली आणखी चार. एका फेरीत एकच नियम घ्यावा. या महिन्यात शब्दाच्या शेवटचे इकार-उकार, तर फक्त तेच खुणावायचे, बाकीचे दिसले तरी सोडायचे. वर्षभरात अठराही होणार नाहीत, न होवोत. उरलेला वेळ मुलाने काय म्हटले आहे याला द्यावा, आणि खाली 'छान' किंवा 'सुधारणा हवी' असे न लिहिता वाचकाने विचारावा तसा एक प्रश्न लिहावा : 'आजीच्या बोटाला ही जखम कशाने झाली?' पुढच्या फेरीत मूल त्याचे उत्तर लिहून आणते. सर्वच आणत नाहीत.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : सर्व वह्या दर आठवड्याला तपासल्या पाहिजेत असा शाळेचा दंडक असतो, त्याचे काय? दंडक मोडून भांडण उभे करण्यात अर्थ नाही. जूनमध्येच वार्षिक नियोजनासोबत हे चार आठवड्यांचे चक्र मुख्याध्यापकांपुढे ठेवावे आणि वरचा मिनिटांचा हिशेबही जोडावा. आकडे पाहिले की बहुतेक मुख्याध्यापक विरघळतात, कारण त्यांनीही कधीकाळी त्या वह्या वाहिलेल्या असतात.

दुसरी गोष्ट शाळेने द्यायच्या वीस गुणांची. २०१९ च्या दहावीला भाषा विषयांचे हे गुण काढून घेण्यात आले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, मोठा गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, म्हणून साऱ्या घसरणीचे खापर एकाच गोष्टीवर फोडता येत नाही. परंतु हे गुण खिरापत म्हणून वाटले जातात असा संशय तेव्हा उघडपणे बोलला गेला, आणि त्याला उत्तर द्यायला शाळांजवळ फारसे काही नव्हते. ज्या शिक्षकाजवळ प्रत्येक मुलाची वर्षभरातील पाचसहा लेखने वाचून नोंदलेली आहेत, त्याला अशा वेळी खाली मान घालावी लागत नाही.

चक्र आखताना आपल्या गावचे पंचांगही पाहावे लागते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत वर्ग विरळ होतो. तिथे जुलैत मोठे लेखन ठेवू नये. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात आणि कित्येक तर उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. अशा शाळेत प्रत्येक मुलाच्या दोन तरी फेऱ्या दसऱ्याच्या आत व्हाव्यात, आणि जाणाऱ्या मुलाची वही कपाटात न ठेवता त्याच्याबरोबर द्यावी. शेवटच्या पानाखाली शिक्षकाचा एक प्रश्न लिहिलेला असावा, म्हणजे फडावर कधी वेळ मिळाला तर उत्तर लिहायला जागा आणि कारण दोन्ही राहील.

राहता राहिले टाचण. त्याच्या शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असतो आणि त्यात शनिवारी 'घटक पूर्ण' असे लिहिण्याची पद्धत आहे. तिथे त्या आठवड्यात ज्या तुकडीच्या वह्या वाचल्या तिचे नाव, वाचलेल्या वह्यांची संख्या आणि पुढच्या तासाला वर्गात वाचून दाखवण्याजोग्या दोन मुलांचे हजेरी क्रमांक लिहावेत. सोमवारचा तास त्या दोघांच्या वाचनाने सुरू करता येतो.