ड्रमवाल्याचे नाव

लहानपणी आमच्या बोरगावात, सौंसरजवळ, लग्नाच्या बँडवर ‘शोला जो भडके’ वाजले की वऱ्हाडी नाचायला उतरत. चित्रपट ‘अलबेला’, साल १९५१, संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे, एवढे मला ठाऊक होते. त्यात बोंगो वाजवणारे कावस लॉर्ड मात्र फार उशिरा कळले. मुंबईच्या जाझ बँडमधले हे पारशी ड्रमर. बोंगो-कोंगा हिंदी गाण्यांत रुजवणाऱ्यांत ते अग्रणी. केर्सी आणि बुजी हे त्यांचे मुलगेही नामवंत वादक झाले. तबकड्यांवर गायक-संगीतकारांची नावे असत. वादकांची सहसा नसत.

मीही आमच्या ड्रमवाल्याचे नाव कधी विचारले नाही. तो आता हयात नाही.

वाचकहो, पुढच्या लग्नात तुम्ही विचारा. कानडीत म्हणा, ‘निम्म हेसरेनु?’