विश्लेषण : दातांच्या उपचारांची भीती वाटते? गुंगीचे पर्याय कोणते, काळजी काय घ्यावी?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, स्टेशनबाहेर पडले की दातांच्या दवाखान्याची पाटी दिसतेच. तरीही दाढ ठणकू लागली की अनेक जण लवंग आणि वेदनाशामक गोळीवर दिवस काढतात. सुई आणि ड्रिलच्या आवाजाची धास्ती दुखण्यापेक्षा मोठी असते. तोवर कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचते आणि साध्या फिलिंगचे काम रूट कॅनालवर जाते. अशा रुग्णांवर गुंगी देऊन, म्हणजे ‘सेडेशन’खाली उपचार करता येतात.

भूल आणि गुंगी यांत फरक काय?

हिरडीत दिले जाणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन तेवढी जागा बधिर करते. वेदना थांबते, भीती तशीच राहते. गुंगीच्या औषधाने भीती कमी होते, पण दात पुरेसा बधिर होत नाही. त्यामुळे गुंगी दिली तरी हिरडीतले इंजेक्शन बहुधा घ्यावेच लागते. फरक इतकाच की, तेव्हा त्याची धास्ती उरलेली नसते.

पर्याय कोणते?

नायट्रस ऑक्साइड : हाच ‘लाफिंग गॅस’. १८४४ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी याच वायूच्या अमलाखाली स्वतःचा दात काढून घेतला होता. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. काही मिनिटांत अंग सैल पडते, रुग्ण जागा राहतो. शेवटी काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला की परिणाम ओसरतो. नाक चोंदलेले असल्यास हा पर्याय उपयोगाचा नाही. गरोदरपण किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास आधी सांगावे.

गोळी किंवा औषध : मिडाझोलाम, डायझेपामसारखी औषधे उपचारापूर्वी देतात. परिणाम प्रत्येकावर सारखा होत नाही आणि तो बराच वेळ टिकतो.

शिरेतून गुंगी : अक्कलदाढेची शस्त्रक्रिया किंवा लांबलेल्या कामासाठी. डोस गरजेनुसार कमी-जास्त करता येतो, मात्र भूलतज्ज्ञ हवा.

पूर्ण भूल : बरेच दात किडलेली लहान मुले किंवा सहकार्य करू न शकणारे विशेष गरजा असलेले रुग्ण यांच्यासाठी. हे काम रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहात व्हावे.

धोका कुठे असतो?

हलकी गुंगी नकळत गाढ होऊ शकते. गाढ गुंगीत श्वास मंदावतो, जीभ मागे पडते. त्याच तोंडात ड्रिलचे पाणीही असते. दात कोरणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष दाताकडे असते. म्हणून गाढ गुंगीत रुग्णाच्या श्वासाकडे पाहणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असणे आवश्यक ठरते. घोरण्याचा व झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, दमा, हृदयविकार आणि सुरू असलेली औषधे यांची माहिती लपवू नये. मुलांना गुंगीचे औषध घरून पाजून आणू नये. ते दवाखान्यातच द्यावे.

होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

- गुंगी कोण देणार? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार का?
- पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन आणि गुंगी उतरवणारे औषध हाताशी आहे का?
- किती तास उपाशी राहायचे? शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल असल्यास साधारणपणे हलके खाणे ६ तास, तर साधे पाणी २ तास आधी बंद करतात.
- भूलतज्ज्ञाचे शुल्क धरून एकूण खर्च किती?

घरी कसे जावे?

गोळी किंवा शिरेतून गुंगी घेतल्यावर एकट्याने लोकलने निघू नये. गर्दीत तोल जाण्याचा धोका असतो. सोबत मोठे माणूस असावे. रिक्षा किंवा टॅक्सी बरी. पुढचे २४ तास दुचाकी चालवणे, मद्यपान आणि महत्त्वाच्या कागदांवर सही टाळावी.

दवाखान्यात सोय नसेल तर?

मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथील बाह्यरुग्ण विभागात चौकशी करता येईल. प्रत्येकाला गुंगी लागतेच असेही नाही. ‘मला भीती वाटते’ हे पहिल्याच भेटीत सांगा आणि हात वर केला की काम थांबवायचे, हे डॉक्टरांशी ठरवून घ्या. अनेकांना तेवढेही पुरते.