पाठीतला पेसमेकर : समज आणि वस्तुस्थिती

स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणजे मज्जारज्जूपाशी विजेचे अतिसूक्ष्म ठोके पोचवणारे, शरीरात कायमचे बसवायचे यंत्र. त्यात एक-दोन तारा असतात. या तारांना ‘लीड’ म्हणतात. लीड साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या टोकाला धातूची बारीक कडी असतात, बहुधा आठ. कुल्ल्याच्या वरच्या बाजूला त्वचेखाली बॅटरीची चपटी डबी बसवतात आणि रुग्णाच्या हातात रिमोट देतात. लोकांच्या बोलण्यात याला ‘पाठीतला पेसमेकर’ असे सुटसुटीत नाव पडले आहे. पहिला गैरसमज या नावातूनच सुरू होतो. हृदयाचा पेसमेकर बंद पडला तर जिवावर बेतू शकते. पाठीतले यंत्र बंद पडले तर दबलेली वेदना परत येते, एवढेच. ते कोणत्याही अवयवाचे काम चालवत नाही.

ते काही दुरुस्तही करत नाही. सरकलेली गादी त्याने जागेवर येत नाही, झिजलेला मणका भरून निघत नाही, दबलेली नस मोकळी होत नाही. बदलतो तो फक्त मेंदूकडे जाणारा निरोप. ठेच लागली की हात आपोआप अंगठ्याकडे जातो आणि आपण तो चोळू लागतो. चोळल्याने जखम भरत नाही, पण कळ कमी होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतात या अनुभवाचे उत्तर होते : स्पर्शाचे निरोप जाड तंतूंतून येतात, वेदनेचे बारीक तंतूंतून, आणि जाड तंतू जागे असले की मज्जारज्जूतले जणू एक फाटक वेदनेपुरते ओढून घेतले जाते. वॉल आणि शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी डोळ्याखालच्या नसेत इलेक्ट्रोड खुपसून ही कल्पना आधी स्वतःवर अजमावून पाहिली. १९६७ साली अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनेने हैराण झालेल्या रुग्णाच्या मज्जारज्जूपाशी पहिला इलेक्ट्रोड बसवला. त्यामुळे हे कालपरवा निघालेले खूळ आहे, हा समजही टिकत नाही. पद्धत पन्नास वर्षांहून जुनी आहे. मात्र हा सिद्धांत आज सगळे सांगू शकत नाही. जुन्या पद्धतीत सेकंदाला ४०-६० ठोके दिले जात आणि दुखऱ्या जागी मुंग्या आल्यासारखे वाटे. दुखण्याच्या जागी मुंग्या, असा तो सौदा होता. सेकंदाला दहा हजार ठोके देणाऱ्या नव्या यंत्रांत मुंग्या येतच नाहीत. तिथे वेदना कमी होते ती नेमकी कशी, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

‘मणक्यात करंट सोडतात, म्हणजे पाय जाणार,’ ही भीती घरोघरी ऐकू येते. लीड मज्जारज्जूत खुपसलेली नसते. मज्जारज्जूभोवती ड्यूरा नावाचे जाड आवरण असते आणि लीड त्याच्याही बाहेर, हाडाच्या नळीतल्या मोकळ्या जागेत सरकवतात. रुग्णाला पालथे झोपवून सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत जाड सुईतून तार वर नेतात आणि कंबरदुखीसाठी तिचे टोक बहुधा छातीच्या आठव्या ते दहाव्या मणक्यामागे येते. मुंग्यांच्या पद्धतीत रुग्णाला अर्धवट जागे ठेवून विचारतात, ‘कुठे जाणवतंय?’ त्याने पोटरी सांगितली आणि दुखते मांडीत असले, तर तार काही मिलिमीटर सरकवून पुन्हा तोच प्रश्न. लकवा होऊ शकतो, पण क्वचित : रक्तस्राव होऊन किंवा पू साठून मज्जारज्जूवर दाब आला तर. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी आधी होते.

रोज अडचण करतात ती साधी विघ्ने. तार जागची हलते आणि मुंग्या भलत्याच ठिकाणी येऊ लागतात, डबीची जागा दुखते, शंभरातल्या काही जणांना जंतुसंसर्ग होऊन सगळे काढावे लागते. पहिले सहा-आठ आठवडे वाकू नका, पिळू नका, ओझे उचलू नका, असे बजावतात ते तार रुजावी म्हणून. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे, म्हणजे एफडीएकडे, २०१६ ते २०२० या चार वर्षांत या यंत्रांविषयी १ लाख ७ हजारांहून अधिक तक्रार-अहवाल आले. प्रत्येक अहवाल म्हणजे यंत्राचा सिद्ध झालेला दोष नव्हे, पण ‘छोटीशी सुई, काहीच त्रास नाही’ या जाहिराती थाटाला तो आकडा पुरेसे उत्तर आहे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘कंबर दुखते ना, मग हे बसवा’. मराठीत कंबरदुखी हा एकच शब्द असला तरी दुखणी अनेक आहेत. स्नायू आखडणे, सांध्यांची झीज, मणक्यांचा ढिलेपणा यांची वेदना वेगळी. नसच बिघडल्यामुळे कमरेतून पायात उतरणारी आगआग, विजेची कळ, सुई टोचल्यासारखे वाटणे हे वेगळे. यंत्राचा खरा प्रांत हा दुसरा : मणक्याची शस्त्रक्रिया होऊनही न थांबलेली पायाची कळ, हातापायाला होणारा सीआरपीएस हा चिवट वेदनेचा विकार, मधुमेहाने झालेली पायांची जळजळ. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोसेस’ अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने कमी झालेले रुग्ण यंत्राच्या गटात ४८ टक्के भरले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ टक्के. म्हणजे यंत्र लावलेल्यांतही निम्म्याहून अधिकांना तेवढा आराम पडला नव्हता.

या अभ्यासात एक फट होती. यंत्र मिळाले की नाही, हे रुग्णांना ठाऊक होते. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२२ साली ती बुजवली. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायात कळ उरलेल्या, आणि दोन आठवड्यांची ट्रायल, म्हणजे कायमच्या यंत्राआधीची चाचणी, ‘पास’ झालेल्या ५० जणांना त्यांनी यंत्र बसवले. मग कधी ते चालू, कधी रुग्णाला न कळवता बंद, असे तीन-तीन महिन्यांचे टप्पे केले. दैनंदिन हालचालींतली अडचण यंत्र चालू असताना जेवढी घटली, जवळपास तेवढीच ते बंद असतानाही. पुढच्या वर्षी कोक्रेन या संस्थेने १३ अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा, की कंबरदुखीत सहा महिन्यांनंतर टिकाऊ फायदा बहुधा होत नाही. वेदनातज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत : नॉर्वेत ठोक्यांची जी रचना वापरली ती नेहमीची नव्हती, आणि वेगवेगळ्या जातीच्या दुखण्यांची मोट एकत्र बांधली गेली. आक्षेपांत तथ्य आहे, पण त्यामुळे मूळ प्रश्न विझत नाही. ‘थोतांड आहे’ आणि ‘सिद्ध झाले आहे’ हे दोन्ही दावे आजच्या पुराव्यापुढे थिटे पडतात.

‘आधी ट्रायल घेतात, मग काळजी कशाला?’ हा समजही नॉर्वेच्या अभ्यासाने हलवला. ट्रायलमध्ये तार आत घालतात, पण बॅटरी कमरेच्या पट्ट्याला बाहेर असते. तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त, रुग्ण घरी वावरतो. वेदना निम्म्यावर आली तरच पुढे जायचे, असा प्रघात आहे. ट्रायलमुळे उपयोग न होणारे बरेच जण मोठ्या शस्त्रक्रियेआधी बाजूला होतात, हे खरे. पण आठवड्याभराच्या आरामात आशेचा वाटा किती, हे ती सांगत नाही. तेव्हा वेदनेला दहापैकी किती गुण दिले यापेक्षा जिना चढता आला का, रात्री किती झोप लागली, गोळ्या किती सुटल्या, याची नोंद अधिक कामाची.

एमआरआय कायमचा बंद, हा समज जुन्या यंत्रांपुरता बराचसा खरा होता. नवी बरीच यंत्रे ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात. अटी मॉडेलनुसार बदलतात, म्हणून यंत्राचे ओळखपत्र तपासणीच्या वेळी दाखवावे लागते. फिजिओथेरपीतली डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींचा खोल शेक, मात्र पूर्ण वर्ज्य, कारण तारेचे टोक तापून ऊतींना इजा होते. विमानतळाच्या धातुशोधक चौकटीतून जाताना तेच ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी मागता येते. चौकटीतूनच जावे लागले तर ठोके आधी बंद करतात, कारण तिथे अचानक झटका जाणवू शकतो. मुंग्यांचे यंत्र गाडी चालवतानाही बंद ठेवतात. चार्ज न होणारी बॅटरी साधारण दोन ते पाच वर्षांत बदलावी लागते, चार्ज होणारी दहा वर्षांच्या आसपास जाते, आणि दर खेपेला डबीवरची त्वचा पुन्हा उघडावी लागते. उपयोग थांबला तर डबी आणि तार काढून टाकता येते.