थेंब डोळ्यात, चव घशात

हिंगोलीला मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतलेला माणूस सेनगाव किंवा कळमनुरीच्या एसटीत बसतो, तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा असतो आणि पिशवीत थेंबांच्या एक-दोन बाटल्या. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उरकलेली असते. थेंब मात्र चार ते सहा आठवडे चालतात. आधी दिवसातून अनेक वेळा, मग डॉक्टर सांगतील तसे कमी करत. सुरुवातीला सून टाकते, कधी शेजारीण टाकते. पुढे हळदीची काढणी लागते, घर रिकामे होते, मुलगा पुण्यात कामाला असतो. दुपारच्या थेंबाची वेळ होते आणि तो टाकायला घरात ज्याचा डोळा त्याच्याखेरीज कोणी नसते.

हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि त्यात रुग्णाचा दोषही नाही. डोळ्याची घडणच अशी, की बाहेरून येणारे काहीही त्याने परतवून लावावे. कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक. तिथले मज्जातंतू त्वचेपेक्षा शेकडो पटींनी दाट असतात. बाटलीचे टोक जवळ आले की पापणी क्षणार्धात मिटते. स्वतःच्याच हाताला डोळा घाबरतो, हे अगदी स्वाभाविक आहे.

थेंब टाकण्यातली खरी गोष्ट आकाराची आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर एरवी सुमारे ७ मायक्रोलीटर अश्रू असतात. पापण्या न मिटता, काहीही न सांडता डोळा फार तर ३० मायक्रोलीटर द्रव धरू शकतो. आणि बाटलीतून पडणारा एक थेंब? तो साधारण ३० ते ५० मायक्रोलीटरचा, कधी त्याहूनही मोठा. वाटीत तांब्याभर पाणी ओतावे तसा हा प्रकार. म्हणजे पहिला थेंब नीट पडला तरी त्यातला काही भाग गालावर येणारच. ‘थोडे बाहेर सांडले’ म्हणून लगेच दुसरा थेंब टाकला, तर तो पहिल्याला धुऊन काढतो. औषध वाढत नाही, बाटली तेवढी लवकर संपते.

गालावर न आलेला भागही सगळा डोळ्यात राहत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असते. आरशात नीट पाहिले तर दिसते. तिथून निघालेली नळी थेट नाकात उघडते. रडताना नाक वाहते ते याच वाटेने. पापणीची प्रत्येक उघडझाप या नळीत पंपासारखे काम करते आणि अश्रू ओढून घेते. थेंब पडल्यावर माणूस सवयीने भराभर डोळे मिचकावतो, तेव्हा तो स्वतःच औषध नाकात पाठवत असतो. काही वेळाने घशात कडवट चव येते, ती हीच. डोळ्यात टाकलेल्या औषधापैकी प्रत्यक्ष डोळ्याच्या आत पोचणारा वाटा बहुधा ५ टक्क्यांहून कमी असतो.

नाकात गेलेले औषध तिथल्या आवरणातून सरळ रक्तात शिरते. प्रतिजैविकाच्या थेंबाबाबत याची फार काळजी नसते. पण काचबिंदूवर कित्येक वर्षे वापरात असलेले टिमोलॉल घ्या. डोळ्यातला दाब उतरवणारे हे औषध रक्तात गेले की हृदयाचे ठोके मंद करू शकते, दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकते. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ‘डोळ्याचे तर थेंब आहेत’ असे म्हणून तो डॉक्टरांपासून लपवू नये, ते यासाठी.

यावरचा उपाय फुकटचा आहे. थेंब टाकल्यावर डोळे अलगद मिटायचे आणि नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बोटाने हलके दाबून दोन-तीन मिनिटे थांबायचे. नळीचे तोंड बंद, पंपही बंद. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ थॉम झिमरमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की कोपरा असा दाबून धरल्याने रक्तात जाणारे औषध ६० टक्क्यांहून अधिक घटते आणि डोळ्यात ते जास्त वेळ टिकते. चाळीस वर्षे झाली, तरी ही गोष्ट रुग्णांपर्यंत पोचलेली नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये काचबिंदूच्या ७० रुग्णांना थेंब टाकताना पाहिले गेले, तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. टोक कुठेही न लावता एकच थेंब नीट डोळ्यात टाकणारे निघाले ६ जण. कोपरा दाबून धरणारे ४. तीन चतुर्थांश रुग्णांच्या बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागत होते आणि जवळपास एक तृतीयांश जणांचा थेंब डोळ्यात पडतच नव्हता. हे सारे लोक रोज औषध ‘घेत’ होते.

आपल्याकडे या तंत्राचा विचार जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात डोळ्यात औषध सोडण्याची रीत दिली आहे: रुग्णाला वारा लागणार नाही अशा जागी ठेवायचे, डाव्या हाताने डोळा उघडायचा, उजव्या हातातल्या शिंपल्यातून कापसाच्या वातीने, दोन अंगुळे उंचीवरून थेंब सोडायचे. तिथे थेंब दहा-बारा सांगितले आहेत, आज एक पुरतो. पण उंचीबद्दलचा मुद्दा तेव्हाही पक्का होता. औषधाचे साधन डोळ्याला टेकता कामा नये.

मग घरी एकट्याने कसे करायचे? आधी हात साबणाने धुवायचे. हळदीच्या हंगामात वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात शिजवणी, वाळवण आणि पॉलिश यांत हात आणि नखे पिवळी होतात, बारीक धूळ कपड्यांवरही बसते. हळद गुणकारी खरी, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तिची धूळ मानवत नाही. मातीचे तर विचारायलाच नको. हात धुतल्यावर खाटेवर किंवा बाजेवर उताणे पडायचे. बसून मान मागे टाकण्यापेक्षा वयस्कर माणसाला हे सोपे जाते. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढायची, म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये छोटीशी खोलगट जागा तयार होते. नजर वर, आढ्याकडे. थेंब बुबुळावर नाही, या खोलगट जागेत टाकायचा. तिथे तो झोंबत नाही, त्यामुळे पापणीही दचकत नाही.

हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचे मनगट कपाळावर किंवा दुसऱ्या हातावर टेकवावे. टोक डोळ्यापासून बोटभर वर राहील एवढे पाहावे. बोटांत संधिवात असेल आणि कडक बाटली दाबता येत नसेल, तर तसे डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला सांगावे. मऊ बाटलीतले औषध मिळू शकते. आणि डोळा उघडा ठेवणे जमतच नसेल तर? उताणे पडून, डोळा मिटून, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत उतरतो. लहान मुलांसाठी ही पद्धत फार उपयोगी आहे. चेहरा आधी स्वच्छ पुसलेला हवा, एवढेच.

दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मलम असेल तर ते शेवटी, कारण मलमाच्या थरातून नंतरचा थेंब आत जात नाही. दुधी दिसणारे स्टेरॉइडचे थेंब वापरण्याआधी बाटली हलवावी लागते. औषधाचे कण तळाशी बसलेले असतात, न हलवता टाकले तर नुसते पाणीच पडते.

बाटली उघडली की बहुतेक औषधे महिनाभरच वापरायची, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवलेली बरी. टोक एकदा पापणीला लागले की तिथले जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या प्रत्येक थेंबाबरोबर परत येतात. दूषित थेंब किती घात करू शकतात हे अमेरिकेत २०२३ मध्ये दिसले. तिथे दोष रुग्णांच्या हातांचा नव्हता, भारतातून गेलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी तो संसर्ग जोडला गेला. ८१ जणांना लागण झाली, १४ जणांची दृष्टी गेली, ४ जण दगावले.

मराठवाड्यात आणखी एक प्रश्न उन्हाचा. काचबिंदूवरच्या लॅटॅनोप्रोस्टच्या अनेक बाटल्या उघडेपर्यंत २ ते ८ अंश तापमानात आणि उघडल्यावर २५ अंशांखाली ठेवायच्या असतात. एप्रिल-मेमध्ये हिंगोलीचा पारा ४० अंशांच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. मेडिकलमधून घेताना ती बाटली फ्रिजमधून काढून दिली का, हे विचारायला संकोच नको. घरी फ्रिज नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. थंडाव्याची गरज नसलेले पर्यायही असतात.

उरलेल्या बाटलीचे मात्र मोठे भय वाटते. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा अनेक घरांत एकच बाटली सगळ्यांच्या डोळ्यांवरून फिरली. विषाणूने आलेल्या डोळ्यांवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, आणि फिरती बाटली साथ पसरवते ती वेगळीच. त्याहून वाईट म्हणजे आजोबांच्या ऑपरेशननंतर उरलेले स्टेरॉइडचे थेंब नातवाच्या खाजऱ्या, लाल डोळ्यात टाकणे. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, म्हणून पुन्हा पुन्हा टाकले जातात. सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये अशा दीर्घ वापराने डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, कळत नाही, आणि त्यातून होणारा काचबिंदू नजर खाऊन टाकतो. गेलेली नजर परत येत नाही.

रुग्णाला सुट्टी देताना कागदावर वेळा लिहून देणे सगळीकडे होते. त्याच वेळी बाटली रुग्णाच्याच हातात देऊन, एक थेंब समोर टाकायला लावून पाहिले तर पाच मिनिटे जातील. आशाताई गावात जातात, त्यांनाही हे दाखवता येईल. आणि ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली, पू आला किंवा आदल्या दिवशीपेक्षा अंधुक दिसू लागले, तर थेंब वाढवून वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने, ऑपरेशन जिथे झाले तिथे पोचायचे.