डी-डायमर वाढलं म्हणजे रक्तात गुठळी झालीच का?

जून २०२१ मध्ये राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यातले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले. चर्चा नव्या व्हेरियंटची होती. पण दाखल रुग्णांच्या नातेवाइकांना, रत्नागिरीत काय आणि मुंबईत काय, रिपोर्टमधला एक वेगळाच शब्द घाबरवत होता: डी-डायमर.

हे नेमकं असतं काय?

रक्त गोठताना फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं तयार होतं. काम झालं की शरीरच ते तोडतं. त्याचे उरलेले तुकडे म्हणजे डी-डायमर. आकडा वाढला तर कुठेतरी रक्त गोठण्याची आणि ते जाळं तुटण्याची क्रिया जोरात आहे, एवढंच समजतं. गुठळी पायात आहे, फुप्फुसात आहे की कुठेच नाही, हे समजत नाही. वाढतं वय, गरोदरपण, ऑपरेशन, कॅन्सर, साधा न्यूमोनिया यांतही हा आकडा वाढतो.

मग डॉक्टर तो का बघतात?

वुहानमधल्या १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दाखल होताना ज्यांचं डी-डायमर १ मायक्रोग्रॅमच्या (प्रति मिलीलीटर) वर होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. भारतात एम्स-आयसीएमआरच्या एप्रिल २०२१ च्या सूचनांमध्ये मध्यम आजाराच्या रुग्णांची ही चाचणी दर ४८ ते ७२ तासांनी करायला सांगितलं होतं. आकडा चढतोय की उतरतोय, हे त्यातून कळतं. गुठळीची शंका आलीच, तर निदान पायाच्या डॉपलर सोनोग्राफीतून किंवा छातीच्या सीटी अँजिओग्राफीतून होतं.

खरा गोंधळ एककांचा. एका लॅबचा रिपोर्ट ५०० म्हणतो, दुसरीचा ०.५. दोन्ही एकच! ५०० नॅनोग्रॅम म्हणजे ०.५ मायक्रोग्रॅम. त्यात काही लॅब एफईयूमध्ये मोजतात, काही डीडीयूमध्ये, आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचं काय?

ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत मध्यम आजाराच्या दाखल रुग्णांना हेपारिनच्या पूर्ण डोसचा फायदा झाला, डी-डायमर कमी असो वा जास्त. आयसीयूतल्या गंभीर रुग्णांना मात्र झाला नाही. घरीच उपचार घेणाऱ्यांवर अमेरिकेत ॲस्पिरिन आणि अपिक्साबॅनची चाचणी झाली, पण त्यांच्यात गुठळ्यांचं प्रमाणच इतकं कमी निघालं की ती लवकर थांबवली गेली. या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रिपोर्ट पाहून स्वतःहून त्या सुरू करू नयेत.

एकाच पायाला सूज, अचानक लागलेली धाप किंवा छातीत दुखणं असेल, तर आकडा काहीही असो, लगेच रुग्णालय गाठावं.