नोंद कशाची: आदेशाची की आजाराची?

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक विकत घ्यायची तर आधी एक फॉर्म भरावा लागतो. न्यायालयाने किंवा अधिकृत मंडळाने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे का, मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केले होते का, हे त्यात विचारलेले असते. १९६८च्या कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक घेण्यास मनाई आहे. पण ‘नाही’ लिहायला कोण अडवतो? म्हणून दुकानदार ग्राहकाचे नाव एफबीआयच्या ‘निक्स’ या यंत्रणेकडून पडताळून घेतो. ही यंत्रणा १९९८पासून चालू आहे. पण राज्यांनी कळवले तेवढेच तिला ठाऊक. आणि बंदूक खरेदीच्या तपासणीसाठी राज्यांच्या अधिकाऱ्यांना केंद्राने राबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्येच ठरवून टाकले होते. नोंदी पाठवणे हा त्यामुळे राज्यांच्या मर्जीचा मामला राहिला.

त्याची किंमत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कळली. १६ एप्रिल २००७ रोजी तिथल्या एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. डिसेंबर २००५मध्ये विशेष न्यायाधीशाने या विद्यार्थ्याला स्वतःसाठी धोकादायक ठरवून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता. केंद्रीय कायद्याने तेवढ्यावरच तो अपात्र होता. व्हर्जिनिया मात्र रुग्णालयात दाखल केलेल्यांचीच नावे कळवत असे. दोन पिस्तुले घेताना तो दोन्ही वेळा तपासणीतून सुटला. पुढे २००८च्या कायद्याने नोंदी पाठवण्यासाठी राज्यांना अनुदानाचे आमिष दाखवले. २००४मध्ये सुमारे १ लाख २६ हजार असलेल्या या नोंदी २०११पर्यंत १२ लाखांवर गेल्या, पण ही वाढ मुख्यतः डझनभर राज्यांची.

सक्तीच्या आदेशांपासून ‘निक्स’पर्यंतचा हा पूल हवाच, पण अरुंद हवा, असे माझे मत आहे. ‘आपली फाइल पोलिसांकडे जाणार’ या धास्तीने लोक डॉक्टरची पायरीच चढणार नाहीत, हा आक्षेप खरा वजनदार आहे. मात्र ‘निक्स’कडे जाते ती नाव, जन्मतारीख यांसारखी ओळख आणि अपात्रतेचा प्रवर्ग, निदान किंवा औषधे नव्हेत. २०१६च्या गोपनीयता नियमानेही सक्तीचे आदेश देणाऱ्या किंवा त्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थांनाच ही माहिती कळवण्याची मुभा दिली, सरसकट डॉक्टरांना नाही. आपणहून दाखल झालेला रुग्ण त्यात येत नाही. उद्या कुणी नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाचे नाव मागितले, तर मीही या आक्षेपकांच्याच बाजूला उभा राहीन.

दुसरा आक्षेप आकड्यांचा: समाजातल्या हिंसेपैकी जेमतेम चार टक्के वाटा गंभीर मानसिक आजारांचा असल्याचा अंदाज आहे, मग एवढा खटाटोप कशाला? हत्याकांडांवरचा रामबाण म्हणून ही यादी विकणाऱ्या राजकारण्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. पण २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, आणि सक्तीचे आदेश अनेकदा स्वतःच्याच जिवाला धोका आहे म्हणून निघतात. त्या काळात हाताशी पिस्तूल नसणे हा लहान लाभ नाही. राहिला कायमच्या शिक्क्याचा मुद्दा. बरे झालेल्याला अर्ज करून हक्क परत मिळवण्याची सोय असेल, तरच अनुदान, अशी अट २००८च्या कायद्यात आहे. नोंद पाठवण्याइतक्याच तत्परतेने ती काढलीही जाते का, याचा हिशेब राज्यांकडून अनुदान देतानाच मागायला हवा.